दगड वाचायचा कुणी?

आपल्या सभांमध्ये सोमनाथचा दाखला हमखास येतो. १२६४ साली होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज याने सोमनाथ पाटणला मशीद बांधली. राज्य वाघेला राजा अर्जुनदेवाचे. संस्कृत शिलालेखात हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१ अशी चार सनांची वर्षे आहेत. स्थानिक हिंदू पुढारी छाडा याला नूरुद्दीनचा धर्मबांधव म्हटले आहे. मशिदीच्या खर्चासाठी घाणा आणि दुकाने लावून दिली, शिल्लक मक्का-मदिनेला पाठवायची. वक्ता इथे थांबतो, टाळ्या पडतात.

पण त्याच मशिदीचा अरबी लेखही आहे. सोमनाथ हे इस्लामचे शहर व्हावे, तिथून कुफ्र आणि मूर्ती जाव्यात, अशी दुआ त्यात आहे. ती आपण सांगत नाही. पलीकडचे फक्त तेवढीच सांगतात. आज संस्कृत दगड वेरावळच्या हर्षद मातेच्या देवळात आहे आणि अरबी दगड पाटणच्या काझी मशिदीत. वाटणी दगडांचीही झालीच!

डॉ. झियाउद्दीन देसाई यांनी हा अरबी लेख पुरातत्त्व खात्याच्या १९६१च्या अरबी-फारसी पुरवणीत छापला. अडचणीची ओळ त्यांनी गाळली नाही. शिलालेखाचा अभ्यासक तो, जो आपल्या जमातीला न रुचणारे अक्षरही वाचून दाखवतो. देसाई २००२ साली गेले. त्यांनी ज्या कचेरीत काम केले ती आपल्या नागपुरातच आहे. तिचा पत्ता आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आपला इतिहास दुसरे बिघडवतात ही तक्रार खरी आहे. पण मशिदीचे काम निघाले की दरवाजावरच्या जुन्या कत्ब्यावर ऑइलपेंटचा हात आपणच मारतो, नाहीतर टाइल्स बसवतो. (टाइल्स देणाऱ्याचे नाव मात्र संगमरवरात कोरले जाते.) मदरशात आठ-दहा वर्षे अरबी शिकलेला मुलगा त्या दगडापुढे गप्प उभा राहतो, कारण गुंतलेली तुघरा अक्षरे सोडवायला त्याला कुणी शिकवलेच नाही. मग एखादा अर्धवट माणूस येतो, दगडात हवे ते वाचतो आणि वर्तमानपत्रात छापून आणतो. त्याला खोडून काढणार कोण? घोषणा?

ठसा घेणे अवघड नाही. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, वरून शाई फिरवायची. रंगाऱ्याला बोलावण्याआधी विश्वस्तांनी निदान नागपूरला एक पत्र टाकावे. तिकिटाचे पैसे मी देतो.