नमुना सही

माझं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या सह्या ओळखण्यात चाललं आहे. 'श'चं पोट जरा सुटलेलं दिसलं की मी चेक परत करतो. मग समोर सरपंच असोत नाहीतर माझे सासरे. (सासऱ्यांनी खातं दुसऱ्या बँकेत नेलं, ते असो.) आम्हा कुर्डुवाडीकरांना हे पटतंही. पण उसाच्या फडात शिरलो की जे उडेल त्याच्यावर फवारा! पाचशे रुपयांना ओळख लागते, फाशी मात्र बिनसहीची.

लोकरी माव्याचंच बघा. 2002 साली तो सांगलीकडच्या उसात दिसला आणि बघता बघता आमच्या जिल्ह्यात आला. पानाखाली पांढरी लोकर, खाली चिकटा गळून काळी बुरशी. जो तो पंप घेऊन धावला. आता या माव्याचा एक पक्का वसुली अधिकारी आहे. एन्कार्सिया नावाची, मिलिमीटरभर माशी. गांधीलमाशीच्या लांबच्या भाऊबंदांतली, पण माणसाच्या वाटेला न जाणारी. माव्याच्या पिलात ती अंडं घालते, अळी आत बसून निवांत जेवते आणि मागे उरतं टरफल. आसामकडून मुद्दाम आणून तिला इकडच्या उसात सोडलं. आपण तिचं स्वागत कशानं केलं? त्याच पंपानं.

वास्तविक बाईंची नमुना सही पाठीवरच आहे. पंखांच्या मुळांमध्ये इवलीशी पिवळी ढाल. पुढचं नावच फ्लॅव्होस्क्युटेलम, म्हणजे पिवळ्या ढालीची. जावा बेटात उसाची कीड तपासणाऱ्या झेंटनर साहेबानं सव्वाशे वर्षांपूर्वी माव्याचं आणि हिचं, दोघांचंही बारसं केलं.

मात्र नुसत्या पिवळ्यावर भुलू नका. सिरफिड माशी गांधीलमाशीचे पिवळे पट्टे अंगावर चढवून हिंडते. पंख मोजा: गांधीलमाशीला दोन जोड्या, हिला एकच. सही खोटी, पण खातं चांगलं. हिच्या पुष्कळ जातींच्या अळ्या मावाच खातात!

"एवढं बारीक कोण बघत बसणार?" असं औषधवाले विचारतात. बरोबर आहे. भिंग एकदाच विकलं जातं, बाटली पुन्हा पुन्हा. हा हिशेब बी.कॉम.वाल्याला शिकवू नये.

पंप भरण्याआधी दहा पानं उलटी करून बघा. टरफलांना गोल भोकं दिसली तर पंप खुंटीला. भिंग माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. न्या, पण रजिस्टरात सही करून. सही मी तपासणार.