पत्रा नव्हे, सांगाडा

दसऱ्याचा मुहूर्त साधून पहिली मोटार दाराशी आणावी, अशा मनोरथाने महाड किंवा पोलादपूर तालुक्यातील एखादे कुटुंब, कर्जमंजुरीचे कागद पिशवीत घालून, जेव्हा गाडी पाहावयास निघते, तेव्हा शोरूममध्ये जी परीक्षा होते तिची रीत बहुधा ठरलेली असते. वडीलधारे गृहस्थ दारावर बोटांच्या पेरांनी टकटक करून पाहतात आणि बॉनेटवर अंगठा दाबून मान हलवतात. मुलगा ॲव्हरेज विचारतो. सून डिकी उघडून तीत गावचे तांदळाचे पोते बसेल काय, याचा अंदाज घेते. आणि अखेर ‘पत्रा जाड आहे’ किंवा ‘पत्रा पातळ आहे’ एवढ्या एका वाक्यात गाडीच्या मजबुतीचा निवाडा होऊन जातो. उद्यापासून हीच माणसे कशेडी, आंबेनळी आणि वरंधच्या रस्त्यांनी, डंपर, टँकर आणि रात्रीच्या लक्झरी बसगाड्या यांच्या सोबतीने, या गाडीतून प्रवास करणार असतात. त्यांच्या प्राणांचा प्रश्न इतक्या अपुऱ्या पुराव्यावर निकालात निघावा, हे आम्हांस अत्यंत चिंताजनक वाटते.

मोटारीचा बाहेरचा पत्रा हे तिचे केवळ आवरण आहे. आघाताच्या क्षणी आतील माणसांना वाचवते ते त्या आवरणाखालचे पोलादी खांब, आडव्या तुळया आणि माणसे बसतात त्या भागाचा पिंजरा. पुढचा भाग चुरगळून आघाताचा जोर आपल्या अंगावर घ्यावा आणि मागचा पिंजरा मात्र अभंग राहावा, अशीच चांगल्या गाडीची योजना असते. सबब तोंडाकडून चेपलेली गाडी कच्चीच होती असे ठरत नाही, आणि जाड वाटणाऱ्या दाराआडचा खांब दुबळा नाही याची हमीही कोणी देऊ शकत नाही. वरून दिसणाऱ्या रूपावरून सांगाड्याचे बळ ओळखता येत नाही, हे महाडकरांस तरी समजावून सांगण्याचे प्रयोजन नसावे. दहा वर्षेही पुरी न झालेली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ माणसे प्राणास मुकली, हे दुःख या गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

सांगाड्याची परीक्षा बोटांनी होत नाही, पण यंत्रशाळेत होते. ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ऑल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो या पाचही गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळविण्यात आल्या आणि प्रौढांच्या संरक्षणात पाचही गाड्यांस शून्य तारे मिळाले. परंतु त्या निकालाचा खरा बोध तपशिलात होता. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा टिकला. उरलेल्या तिन्हींचा कमीअधिक प्रमाणात ढासळला. शून्य तारे मिळाले ते एअरबॅग नसलेल्या पोलोस; दोन एअरबॅग बसविलेल्या पोलोने चार तारे मिळविले, कारण एअरबॅगला आधार देणारा पिंजरा जागच्या जागी राहिला होता. जेथे पिंजराच कोसळतो, तेथे एअरबॅगची संख्या वाढवून फारसे काही साधत नाही. ‘सहा एअरबॅग आहेत’ एवढे ऐकून संतुष्ट होणाऱ्या ग्राहकाने हे कायमचे ध्यानात ठेवावे.

त्यानंतरच्या काळात सुधारणा झाली, आणि ती ग्राहकांनी विचारणा केल्यामुळे बऱ्याच अंशी झाली, असे आमचे मत आहे. २०१८ साली नेक्सॉनने व २०२१ साली पंचने पाच तारे मिळविले. ज्या कंपनीच्या एस-प्रेसोला २०२० साली शून्य तारे मिळाले होते, तिच्याच डिझायरने २०२४ साली प्रौढांच्या संरक्षणात पाच तारे मिळविले. या सर्व गाड्या चार मीटरच्या आतल्या आहेत. तेव्हा लहान गाडी म्हणजे असुरक्षित गाडी, हे समीकरण आता टिकत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची परीक्षाही अमलात आली आहे. तीत समोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने, तर बाजूची ताशी ५० किलोमीटर वेगाने घेतली जाते.

मात्र तारे मोजण्यासही विवेक लागतो. प्रौढांचे तारे आणि मुलांचे तारे वेगळे असतात; घरात लहान मूल असेल तर दुसरा आकडा आधी पाहावा. निकाल कोणत्या सालचा आहे तेही पाहावे, कारण २०२२ साली ग्लोबल एनकॅपचे नियम अधिक कडक झाले आणि जुने पाच तारे व नवे पाच तारे एका मोलाचे राहिले नाहीत. तसेच समोरच्या धडकेचा निकाल आपल्याच वजनाच्या गाड्यांशी ताडून पाहावयाचा असतो; पंधरा टनांचा टँकर समोरून आला, तर पाच तारेही फार काही करू शकत नाहीत. आमच्या घाटांत, आषाढ-श्रावणाच्या संततधारेत गाडी चालविणाऱ्याने आणखी एका गोष्टीची खातरजमा करावी: वळणावर गाडी घसरू लागताच एकेका चाकाला आपोआप स्वतंत्र ब्रेक लावून तिला मार्गावर ठेवणारी यंत्रणा आपण घेत असलेल्या मॉडेलमध्ये आहे काय? ॲलॉय व्हील आणि मोठा पडदा यांकरिता जादा पैसे मोजण्यापूर्वी ते या यंत्रणेकरिता मोजावेत.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो आम्ही आदरपूर्वक ऐकतो. ज्याची ऐपत जुन्या, ताऱ्यांवाचूनच्या गाडीपुरतीच आहे, त्याने काय करावे? पावसात एका स्कूटरवर बसून चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांना नॅनोची कल्पना सुचली, हे सर्वश्रुत आहे. आणि त्या कल्पनेमागील कळकळ आजही खरी आहे. बिरवाडीहून महाडला दोन मुलांसह मोटारसायकलवर येणाऱ्या मातापित्यांना साधी मोटारही अधिक आसरा देते. म्हणून जुनी गाडी घेऊच नका, असा उपदेश आम्ही करणार नाही. डोळसपणे घ्या, एवढेच सांगू. जुलै २०२१ च्या महापुराने या शहराची दैना केली; पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात, हे येथील गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे. अशी गाडी ओळखण्याची एक सोपी खूण आहे. सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढावा. जो भाग एरव्ही गुंडाळीतच राहतो, त्याच्या विणीत गाळाचा पिवळसर डाग किंवा कुबट वास आढळला, तर त्या गाडीच्या एअरबॅगची जोडणी व संवेदक पाण्यात राहिले असण्याचा संभव मोठा, आणि मग किंमत कितीही उतरली तरी तो सौदा सोडून द्यावा.

तोच पट्टा घरच्या सर्व माणसांनी, मागे बसणाऱ्यांनीही, लावला पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला तो मोलाच्या, मजबूत मोटारीत. मागच्या आसनावर त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर बसलेले मूल सुरक्षित दिसते, परंतु धडकेच्या क्षणी कोणत्याही आईच्या हातांना त्याला धरून ठेवणे शक्य नसते. आणि वेगाविषयी हे लक्षात असावे की, चाचणीतील ताशी ६४ ऐवजी वेग ९० असेल तर आघाताची शक्ती जवळजवळ दुप्पट होते. कशेडीच्या बोगद्याने वेळ वाचविला. तो वाचलेला वेळ पुढच्या सरळ रस्त्यावर वेगात उधळू नये.

शासनाकडे आमचे मागणे स्पष्ट आहे. विक्रीसाठी कायद्याने आवश्यक असलेली समोरच्या धडकेची चाचणी ताशी ५६ किलोमीटर वेगाची असते. ती केवळ उत्तीर्ण होण्यापुरती आहे, आणि काठावर पास झालेला कोण व पहिल्या वर्गाचा कोण, हे तीवरून ग्राहकास कळत नाही. ते सांगणारी भारत एनकॅपची परीक्षा मात्र ऐच्छिक आहे. घरातील फ्रीज किती वीज खातो हे सांगणारी ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची असावी, आणि मोटार माणसाला किती सांभाळते हे सांगणारी नसावी, ही विसंगती ताबडतोब दूर झाली पाहिजे. प्रत्येक मॉडेलचा निकाल शोरूममध्ये किमतीच्या शेजारी, मराठीत, ठळक अक्षरांत लावण्याची सक्ती करावी. आणि जुलै २०१८ मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीच्या ज्या दरीत कोसळली, तशा दऱ्यांच्या काठी भक्कम कठडे उभारावेत. कारण दरीपुढे कोणत्याही गाडीचे तारे चालत नाहीत.

तोवर ग्राहकाने आपला अधिकार वापरावा. ॲव्हरेज विचारण्याआधी, दारावर बोट वाजविण्याआधी, त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी विक्रेत्यास एवढेच म्हणावे: “या गाडीच्या चाचणीचा कागद दाखवा.” कागद नसेल, तर पिशवीतील कर्जाचे कागद बाहेर न काढता दुसरी गाडी पाहावी. दसरा दरवर्षी येतो.