नवरदेवाची अंगठी

पुरुषाच्या लग्नाच्या अंगठीला कोणता धातू चांगला, हा प्रश्न सोनाराला विचारला तर उत्तर पाच मिनिटांत मिळते. आमच्या समाजात तो व्याह्याला विचारला जातो, आणि म्हणूनच त्याचे उत्तर तोळ्यांत येते.

सोनाराचे उत्तर आधी ऐकू. शुद्ध सोने मऊ. बावीस कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. तेही हातोडी-पाना धरणाऱ्या हातात लवकर चरे पडून वाकते. अठरा कॅरट (७५०) अधिक टणक, चौदा कॅरट (५८५) बहुधा त्याहूनही. प्लॅटिनम चिवट खरे. पण सोने १,०६४ अंश सेल्सियसला वितळते, तर प्लॅटिनमला १,७६८ अंश लागतात. म्हणून पुढे बोट जाड झाले, तर गल्लीतला सोनार ती अंगठी हाती घेईलच असे नाही. चांदी काळवंडते, परंतु घासली की उजळते आणि खिशाला परवडते. टिटॅनियम हलके व मजबूत, पण त्याची अंगठी वाढवणे कठीण. आणि तळोज्याच्या कारखान्यात फिरत्या यंत्रापाशी उभे राहणाऱ्याने कामाच्या वेळी कोणत्याच धातूची अंगठी घालू नये; यंत्रात अडकलेली अंगठी बोट घेऊन जाते. सारांश, धातू हाताकडे पाहून निवडावा.

मग बावीस कॅरटचाच हट्ट कशासाठी? कारण ही अंगठी घालण्यासाठी नसते, मोजण्यासाठी असते. ती वराच्या बोटात शिरते वधूपित्याच्या पैशाने, आणि जावयाचा मान म्हणून मिरवते.

‘आमच्यात हलके सोने चालत नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी १९६३ साल आठवावे. त्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले व चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. सोनारांच्या पोटावर पाय आला, त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु लग्ने थांबली नाहीत, आणि त्या लग्नांतून उभे राहिलेले संसार काही चौदा कॅरटचे निघाले नाहीत!

शास्त्राचा आधार सांगणाऱ्यांचीही तीच गत. जिथे सप्तपदीची रूढी आहे तिथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, असे १९५५ चा हिंदू विवाह कायदाही म्हणतो. वराच्या अंगठीचे त्यात नावही नाही. धर्मकृत्यात पुरुषाच्या अनामिकेत घालतात ते पवित्रक दर्भाचे, म्हणजे गवताचे. पनवेलमध्येच बेने इस्रायलांचे जुने प्रार्थनामंदिर आहे. यहुदी विवाहविधीत अंगठी वराने वधूला द्यायची. ती त्याच्या स्वतःच्या मालकीची हवी, आणि किमतीविषयी फसगत होऊ नये म्हणून साधी, खड्यावाचूनची हवी. शेजाराला राहून एवढे जरी आम्ही उचलले असते!

कायद्याचे म्हणाल, तर हुंडाबंदी १९६१ पासून आहे. न मागता दिलेली भेट चालते. पण वधूपक्षाची भेट रूढीला धरून असावी, देणाऱ्याच्या ऐपतीबाहेरची नसावी, आणि १९८५ च्या नियमांप्रमाणे तिची यादी लिहून ठेवावी. आमच्याकडे मागणी तोंडाने होत नाही हे खरे. ‘थोरल्या जावयाला दीड तोळ्याची घातली होती,’ एवढे वाक्य पुरते. हिला मागणी म्हणू नये तर काय म्हणावे?

या तालुक्यात तर हा प्रश्न अधिक बोचतो. सिडकोकडून भूमीचा न्याय्य मोबदला मिळावा म्हणून १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या किमतीने हाती आलेला पैसा मुलीच्या शिक्षणाला लागावा, की जावयाच्या बोटाला?

अंगठीला आमचा विरोध नाही. बाईने मंगळसूत्र घालावे आणि पुरुषाने लग्नाची एकही खूण अंगावर बाळगू नये, यापेक्षा दोघांनी अंगठी घालणे केव्हाही बरे. मात्र ती दोघांनी आपापल्या कमाईतून एकमेकांना द्यावी. कमाई थोडी असेल तर चांदीची द्यावी. सासऱ्याच्या कर्जातून आलेल्या प्लॅटिनमपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

२०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेची मुद्रा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ती मुद्रा सोन्याचा कस सांगते. पैसा कोणाचा, हे सांगत नाही. ते नवरदेवाने सांगावे, आणि सांगताना मान खाली घालावी लागणार नाही असा धातू निवडावा.