मोटारीवांचून घाट

आमच्या शाळेच्या पटांगणाच्या कोंपऱ्यांत सायकली ठेवण्याची एक लांबट छपरी आहे. आम्ही ह्या शाळेंत शिक्षक म्हणून आलों, त्या वेळीं तींत सायकली मावत नसत. आज निम्मी जागा रिकामी असते, व एका टोंकास शिपायानें मोडकीं बांकें रचून ठेविलीं आहेत. कारण विचारिल्यास पालक सांगतात कीं, रस्त्यावर मोटारी इतक्या वाढल्या आहेत, मुलांच्या हातीं सायकल द्यावी तरी कशी? हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु तेच पालक त्याच मुलांस मोटारींत बसवून फाटकापर्यंत आणून सोडितात, आणि त्यामुळें फाटकापुढें मोटारींची रांग आणखी लांबते, ही गोष्ट मात्र कोणी बोलत नाहीं.

ह्या विवंचनेंत असतां, यूरोपांतील आल्प्स पर्वतांत मोटारीवांचून सायकल फिरविण्याच्या ज्या वाटा राखल्या आहेत त्यांविषयीं बरेंच कांहीं आमच्या वाचनांत आलें. आम्हीं ते पर्वत डोळ्यांनीं पाहिलेले नाहींत, हें आरंभींच सांगून टाकितों. तथापि त्या वाटांच्या हकीकतींत आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांहूनही पालकांनीं विचार करावा असें पुष्कळ आहे.

ह्या वाटांसाठीं हल्लीं जी सायकल वापरतात तिला 'ग्रॅव्हल बाईक' असें नांव आहे. आपल्याकडे 'बाईक' म्हटलें कीं मोटारसायकल डोळ्यांपुढें येते. विद्यार्थ्यांनीं तसा घोटाळा करूं नये. ही पायांनींच चालवावयाची, आणि ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी अथवा मुरूम. हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणें खालीं वळलेलें. पण टायर चांगले चार सेंटिमीटर रुंद व त्यांत हवा बेताची, म्हणजे बारीक दगडांवरून चाक उसळत नाहीं. आणि चढणीकरितां अगदीं हलके गियर. लहानपणीं वडिलांच्या उंच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, मुरमाच्या सडकेवर गुडघे फोडून घेत जे शिकले, त्या आमच्या पिढीस ह्यांत फारसें नवल वाटणार नाहीं.

उत्तर इटलींतील डोलोमाइट नांवाच्या डोंगरांत दोब्याको ते कोर्तिना अशी सुमारें तीस किलोमीटरांची एक वाट आहे. पहिल्या महायुद्धांत ऑस्ट्रिया व इटली ह्यांचीं सैन्यें तेथें समोरासमोर उभीं होतीं, व रसद पोंचविण्याकरितां दोघांनींही आपापल्या बाजूनें अरुंद रूळ घातले होते. युद्ध संपल्यावर ते जोडून १९२१ मध्यें उतारूंची आगगाडी सुरू झाली. १९५६ सालीं कोर्तिना येथें हिवाळी ऑलिंपिक सामने झाले, तेव्हां ह्याच गाडीनें प्रेक्षकांची ने-आण केली. पुढें आठच वर्षांनीं, १९६४ मध्यें, ती कायमची बंद पडली. रूळ गेले, बोगदे व पूल राहिले, आणि त्या जागीं आज खडीची वाट आहे. आगगाडीस उभा चढ चढतां येत नाहीं, म्हणून तिची वाट वळसे घेत हलक्या चढानें जाते. त्यामुळें दहा-बारा वर्षांचें मूलही दोब्याकोहून निघून, सुमारें दीड हजार मीटर उंचीवरील चिमाबांके खिंड ओलांडून, पलीकडे उतरूं शकतें. मोटारींचा हमरस्ता त्याच दरींतून शेजारीं धांवत असतो. मोटारींनीं आगगाडीस मारिलें, आणि त्या मेलेल्या आगगाडीच्या वाटेवर आज मोटारीस मज्जाव आहे, ही गंमत पाहण्यासारखी आहे.

इटलीच्याच पश्चिमेस, पिएमोंते प्रांतांत, अस्सिएत्ता नांवाचा जुना लष्करी रस्ता आहे. तो दोन दऱ्यांमधील डोंगराच्या माथ्यावरून, सुमारें अडीच हजार मीटरांपर्यंत चढत, तीस किलोमीटरांहून अधिक अंतर खडीवरूनच जातो. त्याच्या एका टोंकास फिनेस्त्रेची खिंड आहे. शर्यतींची आवड असलेल्या विद्यार्थ्यांस ती ठाऊक असेल, कारण २०१८ च्या 'जिरो दिताल्या' शर्यतींत क्रिस फ्रूम तेथील खडीवर सर्वांस मागें टाकून जो सुटला तो सुमारें ऐशीं किलोमीटर एकटाच गेला व अखेर सारी शर्यत जिंकला. पण आम्हांस त्याहून अधिक लक्षांत घेण्यासारखी वाटते ती तेथील व्यवस्था. उन्हाळ्यांत आठवड्यांतील ठरावीक दिवशीं हा रस्ता मोटारींस बंद ठेवितात. बाकीच्या दिवशीं मोटारी जातात, धूळ उडते, सायकलवाला तोंडावर रुमाल बांधतो. रस्ता तोच, खडी तीच. फरक केवळ एका पाटीचा.

म्हणून आमचें असें मत आहे कीं, मोटारीवांचून वाट ही निसर्गाची देणगी नव्हे. तें स्थान उंच आहे, तेथें बर्फ पडतें, म्हणून तेथें शांतता आहे, अशी जी आपली समजूत असते ती चुकीची आहे. आल्प्समधील मोठमोठ्या घाटांवर उन्हाळ्यांत मोटारींची गर्दी असते. जेथें शांतता आहे तेथें ती कोणीतरी ठरवून, भांडून, प्रसंगीं पैसे मोजून राखिली आहे. स्वित्झर्लंडांत मायरिंगेन व ग्रिंडेलवाल्ड ह्या गांवांमधील ग्रोसे शायडेग खिंडीचा रस्ता पाहा. तो चांगला डांबरी आहे. मोटार सहज जाईल. पण खाजगी मोटारींस तेथें परवानगी नाहीं. पायीं जाणारे, सायकलवाले आणि टपालखात्याची पिवळी बस, एवढ्यांचाच तो रस्ता. ती बस वळणावर रोसिनीच्या 'विल्यम टेल' मधील तीन सुरांचा कर्णा वाजविते, तेव्हां सायकलवाल्यानें बाजूस व्हावयाचें.

त्याच देशांतील ग्राउब्युंडेन प्रांताची गोष्ट तर आमच्या इतिहासाच्या वर्गांत सांगावी अशी आहे. ह्या प्रांतानें १९०० सालीं आपल्या सर्व रस्त्यांवर मोटारीस बंदी केली. अरुंद घाट, एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी. त्यांत टपालगाडीचे घोडे बुजत. प्रांतांतून मोटार न्यावयाचीच झाली तर तिला घोडे जुंपून ओढीत न्यावी लागे! ही बंदी पंचवीस वर्षें टिकली. तेवढ्या अवधींत हा प्रश्न दहा वेळां लोकांच्या मतास घालण्यांत आला, आणि शेवटीं १९२५ मध्यें बंदी उठली. मतें देणारे सारे पुरुषच होते, कारण स्त्रियांस त्या प्रांतांत मताचा अधिकार १९७२ पर्यंत मिळाला नव्हता. तापानें फणफणलेलें मूल मांडीवर घेऊन डॉक्टराची वाट पाहणाऱ्या आयांनीं काय मत दिलें असतें, कोण जाणे. सरसकट बंदीचा आग्रह आम्हीही धरीत नाहीं. रोग्याच्या गाडीस व आगीच्या बंबास वाट हवीच. पण 'रस्ता कोणाचा?' हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, हें त्या डोंगरी शेतकऱ्यांनीं ओळखिलें, व तो एकदां नव्हे, दहादां विचारिला. आपण तो एकदांही विचारिलेला नाहीं.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सायकलवाला म्हणजे निष्पाप जीव, असें नाहीं. ऑस्ट्रियांत १९७५ च्या वनकायद्यानें रानांत पायीं हिंडण्यास कोणासही मोकळीक आहे. परंतु तेथील जंगलरस्त्यांवर सायकल न्यावयाची तर मालकाची संमति लागते. टिरोल प्रांतानें मालकांशीं करार करून कित्येक वाटा सायकलींस खुल्या करून घेतल्या आहेत. ही अडवणूक केवळ खोडसाळपणाची नसते. उतारावरून सुसाट येणाऱ्या सायकलीनें चरणारीं गुरें उधळतात, पायीं चालणारीं म्हातारीं माणसें दचकतात, आणि कुरणाचें फाटक उघडें टाकून जाणारे महाभाग तेथेंही आहेत. विजेच्या सायकली आल्यापासून माथ्यावरची गर्दी आणखी वाढली आहे. शिवाय कित्येक हौशी लोक मोटारीच्या पाठीस सायकली बांधून शेंकडों किलोमीटर येतात, मोटार पायथ्याशीं ठेवितात, आणि वर जाऊन मोटारीवांचूनच्या शांततेचा आनंद घेतात. ह्याचें हंसूं येतें खरें; पण मग फाटकापुढील आपल्या रांगेची आठवण होऊन तें ओंठांवरच राहतें.

आमच्या शाळेपुढील गल्ली सकाळीं शाळा भरण्यापूर्वीं अर्धा तास मोटारींस बंद असावी, असा एक अर्ज आम्हीं नगरपालिकेकडे पाठविण्याकरितां लिहिला आहे. तो कचेरींत टेबलावर ठेविला आहे. आजपर्यंत त्यावर एकवीस पालकांच्या सह्या झाल्या. त्यांपैकीं नऊ जण सही करावयास मोटारींतूनच आले होते.