आधी गंधक!

धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडणारे द्रावक स्वतः विषारी नसावे, ही मागणी रास्तच. १९३० साली अमेरिकेत पेटंट झालेली अमाइनची रीत आजही चालते: अमाइन मिसळलेल्या पाण्यातून धूर न्यायचा, वायू त्यात अडकला की ते पाणी सुमारे १२० अंशांना तापवून तो मोकळा करायचा. यात पकडलेल्या वायूच्या टनामागे ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता जाते. म्हणजे वीज केंद्राने आपलीच वाफ खर्चायची. शिवाय अमाइन पोलाद गंजवते, प्राणवायूने नासते. म्हणून अमिनो आम्लांचे क्षार, पोटॅशियम कार्बोनेट, कोलीन क्लोराइड व युरियाचे मिश्रण असे सौम्य पर्याय तपासले जात आहेत. कोलीन क्लोराइड तर कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात. पण ते मिश्रण पाकासारखे दाट, पंपाचा घाम काढणारे.

महाराष्ट्राला हे शास्त्र नवे नाही. अल्कली व अमाइन द्रावणांतील कार्बन डायऑक्साइडच्या शोषणावर रसायन अभियंते डँकवर्ट्स यांच्यासह १९६६ मध्ये गाजलेला निबंध लिहिणारे प्रा. मनमोहन शर्मा मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे. १९८४ मध्ये त्यांच्यासोबत विषमावस्थ अभिक्रियांवर द्विखंडी ग्रंथ लिहिणारे एल. के. दोराईस्वामी तेव्हा पुण्यातील पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. कारखान्यांचा धूर धुणारी यंत्रे बनवणारी थरमॅक्सही पुण्याचीच.

घोडे अडते ते गंधकापाशी. सल्फर डायऑक्साइड अधिक तीव्र आम्लधर्मी. अमाइनला तो आधी गाठतो आणि तापवूनही न सुटणारा क्षार करून बसतो. अमाइन टिकवायचे तर धुरात तो दशलक्षात दहा भागांच्या आसपासच हवा. कोळशाच्या न धुतलेल्या धुरात तो काही शे असतो. सौम्य क्षारधर्मी द्रावकांचीही यातून सुटका नाही. असे असताना जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने सुमारे ७८ टक्के कोळसा वीजसंचांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूट दिली. आपल्या कोळशात गंधक कमी, हे त्यामागचे एक समर्थन. हवेच्या मोजमापात ते खपेलही, द्रावकाच्या टाकीत नाही. एका हाताने कार्बन पकडण्याच्या घोषणा आणि दुसऱ्या हाताने ही सूट, हा व्यवहार जुळत नाही.

राज्य सरकारने चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्रातील एका संचाचा धूर आधी गंधकमुक्त करावा आणि मग पाषाणच्या शास्त्रज्ञांना तिथे वर्षभर द्रावक चालवू द्यावे. टनामागे किती किलो द्रावक वाया गेले, किती वाफ लागली आणि वाया गेलेल्या द्रावकाचा किती गाळ उरला व तो कुठे टाकला, हे आकडे दरमहा लोकांपुढे ठेवावेत. गाळाचा आकडा सर्वांत आधी.