‘त्यांच्या घरात साखर आहे!’

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. चार पिढ्यांपूर्वी नागपूरकडून तिकडे जाऊन स्थायिक झालेलं मराठी घर. लेक शिकलेली, नोकरी करणारी. स्थळ जवळजवळ ठरलं होतं. बैठकीत कुणीतरी विचारलं, मुलीचे वडील कशाने गेले? बाईंनी खरं ते सांगितलं, डायबिटीस होता. आजोबांनाही होता, आत्यालाही आहे. दोन दिवसांनी निरोप आला : मुलीची जीन टेस्ट करून रिपोर्ट पाठवा. तेव्हापासून लेक गोडाला हात लावत नाही आणि आईशी धड बोलतही नाही. खरं सांगून चूक केली का, आणि ही टेस्ट करावी का, असं बाई विचारताहेत.

खरं सांगितलंत ते उत्तमच केलंत. टेस्टचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

वरपक्षाच्या डोक्यात हे कुठून आलं असेल, याचा अंदाज येतो. छत्तीसगडात, आपल्या विदर्भातही, सिकलसेलचा आजार बराच आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून त्याच्या तपासणीची कार्डं गावोगावी दिसू लागली. सिकलसेल हा एकाच जीनचा, त्यातही एकाच अक्षराच्या बदलाचा खेळ आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी ती तपासणी मागणं शहाणपणाचंच आहे, अर्थात दोन्ही बाजूंनी! पण हाच हिशेब डायबिटीसला लावला की घोटाळा होतो.

नेहमीचा, मोठेपणी होणारा टाइप टू डायबिटीस एका जीनचा नाही. तो शोधायला शास्त्रज्ञ चक्क नकाशा काढतात. लाखो लोकांचे डीएनए घ्यायचे, आजार असलेले एकीकडे, नसलेले दुसरीकडे, आणि कुठलं अक्षर पहिल्या गटात जास्त वेळा दिसतं ते पाहायचं. २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अशा नकाशासाठी २५ लाखांहून जास्त माणसं तपासली गेली. त्यात डायबिटीसशी संबंध असलेल्या ६११ जागा निघाल्या. बहुतेक जागा जोखीम किंचित, अगदी चिमूटभर वाढवतात. त्यातल्या त्यात दांडगा जीन टीसीएफ-सेव्हन-एल-टू. २००६मध्ये आइसलंडच्या संशोधकांना तो सापडला. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तो भारतीयांतही तितकाच लागू असल्याचं दाखवलं. त्याची एक प्रत अंगात असली, तर धोका सुमारे १.४ पट. आणि ती प्रत आपल्यातल्या जवळजवळ निम्म्या माणसांत असते. म्हणजे रिपोर्ट मागणाऱ्या मुलाच्या अंगातही असू शकते! त्याला विचारलंय का कुणी?

मग घराण्याचा काही संबंधच नाही का? आहे. आई किंवा वडिलांना डायबिटीस असला, तर मुलांचा धोका दोन-तीन पट होतो. पण घराण्याकडून नुसते जीन्स येत नाहीत, स्वयंपाकघरही येतं. शिवाय आईच्या पोटातले नऊ महिने येतात.

याच डॉ. याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हातापायाने काटकुळी. पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून सडपातळ, आतून चरबीदार! २००४मध्ये डॉ. याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि ब्रिटिश मित्र डॉ. यडकिन यांचा फोटो छापला. उंचीच्या प्रमाणात वजन दोघांचं सारखं, २२.३. चरबी मात्र यडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. यडकिन मॅरेथॉन धावणारे. आपली धाव लिफ्ट गाठण्यापुरती, असं डॉक्टरांनी स्वतःच गमतीने सांगून टाकलंय.

आता ही चरबी करते काय? आपण तिला कोठारातलं धान्य समजतो. पण पेशींच्या आत काही चरबीचे रेणू निरोप्याचं काम करतात. १९५३मध्ये मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याला स्वादुपिंडाच्या कापांवर प्रयोग करताना याचा पहिला सुगावा लागला. पुढे जपानमध्ये कोबेच्या यासुतोमी निशिझुका यांनी तो निरोप घेणारं प्रथिन शोधलं. निरोप्याचं नाव डायसिल ग्लिसरॉल. इन्शुलिन पेशीच्या दारावरची घंटा वाजवतं, तेव्हा साखर आत घेतली जाते. चरबी मावेनाशी होऊन स्नायूंत आणि यकृतात साठू लागली, की हा निरोप्या आत गर्दी करतो आणि घंटेचा आवाज दाबला जातो. इन्शुलिन दारात उभं, आत कुणाला ऐकूच येत नाही! येल विद्यापीठाचे जेराल्ड शुलमन यांनी या विषयावर बरंच काम केलंय. काही संशोधक सिरामाइड नावाच्या दुसऱ्या चरबीला जास्त दोष देतात, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

तेव्हा बाई, जीन टेस्टवर पैसे घालवू नका. मुलीला उपाशीही ठेवू नका. कमरेला टेप लावा : बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषाची ९०च्या. वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६च्या अभ्यासात, साखर सीमेवर आलेल्या लोकांनी फक्त चालणं वाढवलं आणि आहार सुधारला, तर तीन वर्षांत डायबिटीसचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. यात कुणाचेही जीन्स बदलले नव्हते. मुलगी शाकाहारी असेल, तर बी-१२ही पाहून घ्या. पुण्याच्या त्या गावांत सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांत ते कमी निघालं होतं.

आणि तुमच्या भागासाठी एक खास सूचना. हल्ली सगळे डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी टेस्ट सांगतात. सिकलसेलच्या रुग्णात रक्तपेशी लवकर मरतात, त्यामुळे ती साखर खोटी कमी दाखवू शकते. वाहकातही काही मशिनांवर आकडा चुकतो. घरात सिकलसेल असेल, तर ते लॅबला आधी सांगा, आणि उपाशीपोटीची व ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनीची, अशी साधी साखरच मोजून घ्या.