समुद्री मत्स्यालय: आधी पाण्याचा हिशेब, मग काचेचा



खाऱ्या पाण्याची टाकी दिसली की मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. निळसर प्रकाश, हलणारी प्रवाळं आणि त्यांच्यामधून फिरणारा नारिंगी-पांढरा क्लाउनफिश. मग "आपल्याकडे असं का नाही?" हा प्रश्न येतोच. घरी आई-बाबांना येतो, शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांना येतो. त्यानंतर आपण काय करतो? मोबाइलवर किमती शोधतो. तिथे दिसणाऱ्या याद्या पाहून एक तर घाबरून विषय सोडून देतो, नाही तर हौसेनं महागडा दिवा आणि सुंदर काच विकत घेतो आणि चार महिन्यांनी टाकी रिकामी होते.

या लेखात माझं म्हणणं एवढंच आहे: कमी पैशात समुद्री मत्स्यालय होऊ शकतं, पण बजेट खरेदीच्या दिवसाचं न करता बारा महिन्यांचं करायला हवं. आणि ज्या गोष्टींच्या अभावी जीव मरतो, त्या आधी घ्यायच्या. ज्या फक्त शोभेच्या आहेत, त्या शेवटी.

प्रवाळ नको, हे आधीच ठरवा

बहुतेक याद्या प्रवाळ पाळणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात आणि ती प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न पुरवतात. म्हणून त्याला तीव्र, निळ्या छटेचा प्रकाश लागतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्षारता सतत मोजावी लागते. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी तो शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. सर्वांत महाग उपकरणं लागतात ती या एका प्राण्यासाठी.

आपल्याकडे दुसरी बाजूही आहे. खडक बांधणारी सगळी प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याचं काम चालू असताना 2020 मध्ये वरळी आणि हाजी अली इथली प्रवाळं दुसरीकडे हलवावी लागली, त्यासाठीसुद्धा वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली होती. सरकारी कामाला जो नियम आहे, तो शाळेच्या प्रयोगशाळेलाही आहे. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या सहलीतून प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणणं हा "छंद" होत नाही, तो गुन्हा आहे, आणि हे मुलांना आपणच सांगायला हवं.

सजावटीसाठी खडक घेतानाही हे लक्षात ठेवा. पांढऱ्या, छिद्राछिद्रांच्या खडकाच्या नावाखाली मेलेलं प्रवाळ मिळू शकतं. त्याऐवजी कृत्रिम किंवा सिरॅमिकचा सच्छिद्र खडक घ्या. जिवाणूंना राहायला जागा हवी असते, ती त्यातही मिळते.

म्हणजे पहिली टाकी कशी असावी? खडक, थोडी वाळू, शंखवर्गीय एक-दोन गोगलगायी आणि क्लाउनफिशची एक जोडी. क्लाउनफिशची पैदास आता बंदिस्त जागेत होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तमिळनाडूत मंडपम आणि केरळात विळिंजम इथल्या केंद्रांमध्ये हे तंत्र विकसित केलं आहे. त्यामुळे दुकानदाराला स्पष्ट विचारा, "हा मासा पैदास केलेला आहे की समुद्रातून पकडलेला?" पैदास केलेलाच घ्या आणि बिल मागा.

प्रवाळ वगळलं की महागडा दिवा गेला, निम्मी रसायनं गेली. कायदा पाळला तर बजेटही आटोक्यात येतं, हे मला या विषयातलं सर्वांत सोयीचं सत्य वाटतं.

टाकी केवढी?

"लहान टाकी म्हणजे स्वस्त आणि सोपी" असं आपल्याला वाटतं. खाऱ्या पाण्यात नेमकं उलट होतं. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर तापतं, लवकर खारट होतं, लवकर घाण होतं. वीस लिटरच्या टाकीत चूक सावरायला वेळच मिळत नाही. फार मोठी टाकी घेतली तर मीठ आणि वीज परवडत नाही. मधला मार्ग म्हणजे 60 सेंमी लांब, 40 सेंमी रुंद, 40 सेंमी उंच. घनफळ 96 लिटर. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी साधारण 80 लिटर. घनफळाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण कुठलं?

पण लक्षात घ्या, पाणी, काच, खडक मिळून वजन सव्वाशे किलोच्या आसपास जातं. अभ्यासाचं टेबल किंवा प्लायवूडचं कपाट यासाठी चालत नाही. लोखंडी स्टँड स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घ्या. टाकी जुनी मिळाली तरी हरकत नाही, दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि गळती तपासा. फक्त तिच्यात पूर्वी तांब्याची औषधं वापरली असतील तर ती घेऊ नका. तांब्याचा अंश गोगलगायींसारख्या जिवांना घातक असतो.

खरा खर्च मिठात आहे

आता हिशेब मुलांकडूनच करून घ्या. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बाजारातलं मत्स्यालयाचं मीठ थोडी आर्द्रता धरून असतं, म्हणून लिटरला 36 ग्रॅम धरू. 80 लिटरला लागलं जवळपास 3 किलो. एवढंच पाहून आपण म्हणतो, "अरे, परवडतंय की!"

पण दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं असतं. म्हणजे 8 लिटर, म्हणजे 288 ग्रॅम मीठ. वर्षाचे 52 आठवडे धरले तर 15 किलो. पहिल्या दिवसाच्या पाचपट मीठ पुढच्या वर्षभरात लागतं, आणि बजेट कोसळतं ते इथेच. पैसे संपले की पाणी बदलणं थांबतं, पाणी बदलणं थांबलं की मासे मरतात.

"सर, आमच्या घरचं जाडं मीठ चालेल का?" हा प्रश्न हमखास येईल. नाही चालत. मिठागरातलं मीठ म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराईड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं. मीठ तयार होताना यातलं बरंचसं वेगळं होतं. मग थेट किनाऱ्यावरून पाणी आणलं तर? मुंबईसारख्या शहराजवळ सांडपाणी मिसळलेलं असतं, पावसाळ्यात खारटपणा घसरलेला असतो. त्या वाटेला जाऊ नका.

मीठ विरघळवायला गोडं पाणीही शुद्ध लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, बोअरच्या पाण्यात नायट्रेट आणि इतर क्षार असू शकतात. बऱ्याच घरांत आणि शाळांत आता आरओ यंत्र आहे, पण पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी काही क्षार मुद्दाम राखलेले किंवा परत मिसळलेले असतात. काही शे रुपयांच्या टीडीएस मीटरनं मोजून बघा. आरओच्या पुढे डीआय रेझिनची एक नळी जोडली की आकडा शून्याजवळ येतो. नवीन यंत्र घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा.

आपला उन्हाळा आणि परदेशी यादी

थंड देशातल्या यादीत हीटर पहिल्या पाचांत असतो. आपल्याकडे कोकणात आणि मुंबईत तो बहुधा लागतच नाही. नाशिक, पुणे किंवा विदर्भात हिवाळ्याच्या रात्रींसाठी छोटा हीटर ठेवावा लागतो. आपला खरा प्रश्न एप्रिल-मेचा आहे. पाणी 24 ते 27 अंशांत राहायला हवं आणि खोलीच पस्तिशीला पोचलेली असते.

यावर चिलर हे महागडं उत्तर आहे. 200 वॅटचा चिलर दिवसाला दहा तास चालला तर 2 युनिट, महिन्याला 60 युनिट. त्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारा छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनानं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. माठातलं पाणी गार होतं, त्याच नियमानं. हवा दमट असेल तर फरक कमी पडतो, म्हणून जागा निवडतानाच उन्हाची खिडकी टाळा. वरचा मजला आणि पत्र्याचं छप्पर असेल तर मात्र मी स्पष्ट सांगेन, तिथे ही टाकी करू नका.

पंखा लावला की पाणी भराभर आटतं, पण क्षार तिथेच राहतात. मिठागरात जे घडतं, तेच टाकीत. रोज एक लिटर आटलं आणि आठवडाभर भर घातली नाही, तर 80 लिटरचे 73 होतात आणि 35 चा खारटपणा 38 च्या वर जातो. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच. मिठाचं पाणी फक्त साप्ताहिक बदलासाठी.

आणखी एक उपकरण परदेशी याद्यांमध्ये सहसा नसतं, पण आपल्याकडे हवंच: बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. उन्हाळ्यात चार तास वीज गेली तर पाण्यातला प्राणवायू घटतो. हा छोटा पंप तेव्हा माशांचा जीव वाचवतो.

शंभर रुपयांची वाटणी

दुकानागणिक किमती वेगळ्या असतात, म्हणून मी प्रमाणात सांगतो. पहिल्या वर्षाचं बजेट शंभर रुपये धरलं तर माझी वाटणी अशी:

- पाणी (वर्षभराचं मीठ, डीआय नळी, दोन झाकणाच्या बादल्या): 30
- मोजमाप (रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर, टीडीएस मीटर, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट-क्षारतेच्या चाचण्या): 20
- टाकी आणि स्टँड: 20
- तासाला पंधराशे ते दोन हजार लिटर पाणी फिरवणारा पंप, लटकता फिल्टर, पंखा, बॅटरीचा पंप: 20
- साधा एलईडी दिवा: 5
- जीव: 5

मोजमापाला 20 रुपये ऐकून भुवया उंचावतील. पण शाळेच्या दृष्टीनं सगळ्यात जास्त शिकवणारी वस्तू तीच आहे. टाकी तयार झाल्यावर चार ते सहा आठवडे मासा सोडायचा नाही. चिमूटभर खाद्य टाकायचं आणि दर दोन दिवसांनी चाचणी घ्यायची. आधी अमोनिया वाढतो, मग तो घटून नायट्राइट वाढतं, शेवटी नायट्रेट. पुस्तकातलं नायट्रोजनचक्र मुलं आलेखावर स्वतः काढतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा नाही, हा नियम मुलांनीच फळ्यावर लिहावा. चाचणीच्या बाटल्यांवरची मुदत तेवढी खरेदी करताना बघून घ्या.

प्रोटीन स्किमर, रंग बदलणारा दिवा, मोबाइलवरून चालणारा कंट्रोलर यांना यादीत जागा नाही. दोन मासे असलेल्या टाकीत नियमित पाणीबदल पुरतो.

मे महिन्यात कोण?

हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, पण खरेदीआधी विचारायचा तो हाच. चांगली काळजी घेतली तर क्लाउनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो. दिवाळीची सुट्टी, मेची सुट्टी, दोन्ही दरवर्षी येणार. नेमका सगळ्यात जास्त उकाडा असतो तेव्हा शाळा बंद असते. तेव्हा रोज एक लिटर पाणी कोण घालणार? शिपाईमामांवर गृहीत धरून टाकू नका, त्यांच्याशी बोला, त्यांना शिकवा आणि त्या कामाचा मोबदला बजेटात धरा. किंवा जवळ राहणाऱ्या दोन पालकांची नावं लेखी ठरवा.

शाळेत करायचंच असेल तर जूनमध्ये शाळा उघडल्यावर सुरुवात करा. पावसाळ्यात तापमान सौम्य असतं, ऑगस्टपर्यंत नायट्रोजनचक्र पूर्ण होतं आणि उन्हाळ्याआधी हाताशी सहा-सात महिन्यांचा अनुभव जमतो. एप्रिलमध्ये हौसेनं टाकी मांडणं म्हणजे जिवांना परीक्षेला बसवणं.

आणि माणूस मिळत नसेल, किंवा वर्षाचं मीठ परवडत नसेल, तर? तर गप्पीची गोड्या पाण्याची टाकी करा. किंवा ओहोटीच्या वेळी मुलांना एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर न्या, डबक्यांमधले खेकडे, समुद्रफुलं, शंख बघू द्या, काहीही न उचलता परत आणा. यात कमीपणा काहीच नाही. मेलेल्या माशांची टाकी बघून मुलं जे शिकतात, ते कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं: जीव म्हणजे वस्तू, बिघडली की दुसरी आणायची. तो धडा आपल्या हातून जाऊ नये.

म्हणून दुकानात जाण्याआधी मुलांसोबत बसा आणि कागदावर बारा रकाने आखा, जून ते मे. प्रत्येक महिन्यात मीठ किती, वीज किती, सुट्टी कधी, जबाबदारी कोणाची, ते लिहा. बारावा रकाना भरला गेला तरच पहिली खरेदी करा.